प्रतिरूपकाचा नवा बाजार

अनोळखी ग्राहक पेढीवर येऊन उधारीवर माल मागू लागला, की मुरलेला व्यापारी काय करतो हे व्यापारी घरांत कोणाला सांगावे लागत नाही. ग्राहकाच्या गावी दोन-तीन ओळखीच्या दुकानांत चौकशी होते, त्याचा जीएसटी क्रमांक तपासला जातो, पहिला माल बेताचाच आणि रोखीने दिला जातो. पत ही वर्षानुवर्षांच्या देवघेवीतून तयार होते, हे त्या घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच घरातील एखादी व्यक्ती रात्री मोबाईलच्या पडद्यावर एका अनोळखी छायाचित्राशी बोलू लागते, महिन्याभरात त्याच्यावर विश्वास ठेवते आणि कधीही न भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून लाखो रुपये पाठवून देते. पेढीवरची सावधगिरी येथे कोठे हरवते, हा प्रश्न आज अनेक घरांपुढे उभा आहे.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा आहे. कृत्रिम सोन्यासारख्या नकली वस्तू खऱ्या म्हणून देऊन लोकांना फसवणे, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी केला आहे. ज्या काळी हा शब्द योजला गेला, त्या काळी नकली वस्तू तराजूत घातली जात असे. आज माणसाचेच प्रतिरूपक बाजारात आले आहे. दुसऱ्याचे छायाचित्र, कल्पित नाव, कल्पित पदवी आणि कल्पित प्रेम यांचा मिळून एक परिचय तयार होतो आणि तो विकला जातो.

दुकानदारच खोटा माल मांडतो तेव्हा

अशा फसवणुकीत दोषी केवळ कोणी भामटा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ या शासकीय संस्थेने २०१४ मध्ये इंग्लंडस्थित ‘जेडीआय डेटिंग’ या कंपनीविरुद्ध कारवाई केली. ऑनलाइन परिचयसेवेवर या आयोगाने केलेली ती पहिलीच कारवाई होती. ही कंपनी १८ संकेतस्थळे चालवीत असे. विनामूल्य नोंदणी केलेल्या सभासदाला थोड्याच वेळात, जवळपासच राहणाऱ्या व्यक्तींकडून आल्यासारखे दिसणारे संदेश येऊ लागत. उत्तर द्यावयाचे तर पैसे भरून सभासदत्व घ्यावे लागे. पैसे भरल्यावर पलीकडे उत्तर देणारी खरी व्यक्ती मात्र नसे. ते संदेश कंपनीनेच तयार केलेल्या बनावट परिचयांतून येत. त्या परिचयांवर एक बारीकशी खूण असे आणि तिचा उलगडा नियमावलीत केलेला असे. ग्राहकाचे तिच्याकडे लक्ष जाणे कठीणच होते. कंपनीला ६ लाख १६ हजार १६५ डॉलर भरावे लागले.

पाच वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, याच आयोगाने ‘मॅच’ या प्रसिद्ध कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. येथील आरोप अधिक विचार करायला लावणारा होता. काही संदेश भामट्यांकडून आलेले असावेत असा संशय कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेला आला होता. असे संदेश पैसे भरलेल्या सभासदांपासून तपासणी होईपर्यंत रोखून ठेवले जात. विनामूल्य सभासदांना मात्र त्याच संदेशांच्या आधारे ‘कोणाला तरी आपल्यात रस आहे’ अशा आशयाची सूचना जाई आणि संदेश वाचण्यासाठी सभासदत्व घेण्याचा आग्रह होई. जून २०१६ ते मे २०१८ या काळात अशी सूचना मिळाल्यापासून २४ तासांच्या आत ४ लाख ९९ हजार ६९१ सभासदत्वे विकली गेली, असे आयोगाने दाव्यात नमूद केले. कंपनीने आरोप फेटाळले. फसव्या संदेशांविषयीचा भाग, संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या अमेरिकेतील १९९६ च्या कायद्यामुळे, न्यायालयात टिकला नाही. हमीच्या अटी झाकणे, सभासदत्व रद्द करण्याची वाट अवघड ठेवणे इत्यादी आक्षेपांवरून चाललेला वाद ऑगस्ट २०२५ मध्ये मिटला. कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

व्यापाऱ्याला या प्रकरणातून एक गोष्ट सहज कळेल. जेथे माणसाच्या आशेवरच वर्गणी मिळते, तेथे आशा खरी की खोटी हे तपासण्याची घाई विक्रेत्याला नसते. म्हणून ‘एवढे मोठे संकेतस्थळ आहे, त्यांनी पारखूनच घेतले असेल’ हा विश्वास निराधार आहे. पारख ग्राहकालाच करावी लागते.

एकटेपणाचे भांडवल

आयोगाकडे २०२२ या एका वर्षात सुमारे ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या. त्यांचे एकूण नुकसान १३० कोटी डॉलर इतके होते. भामट्यांनी सांगितलेल्या खोट्या गोष्टींत ‘मी किंवा माझे जवळचे कोणी आजारी, जखमी अथवा तुरुंगात आहे’ ही सर्वांत अधिक वेळा आढळली. गुंतवणूक शिकवतो असे सांगणारे होते, दूर देशी सैन्यात असल्याचे सांगणारे होते, तसेच एकदाही न भेटता लग्नाची बोलणी काढणारेही होते.

भारतात या नाटकाचा एक प्रयोग वारंवार होतो. विवाहविषयक संकेतस्थळावर परदेशस्थ डॉक्टर किंवा अभियंता म्हणून ओळख होते. काही आठवड्यांनी तो मौल्यवान भेटवस्तू पाठवल्याचे कळवतो. मग विमानतळावरून सीमाशुल्क अधिकारी बोलत असल्याचे सांगणारा दूरध्वनी येतो : पार्सलमध्ये परकीय चलन सापडले आहे, शुल्क भरा, दंड भरा, अन्यथा गुन्हा नोंदवला जाईल. प्रत्येक वेळी खाते वेगळे आणि रक्कम वाढती. वास्तविक सीमाशुल्क खाते कोणाच्याही वैयक्तिक बँक खात्यात पैसे मागत नाही आणि २०१९ पासून त्याच्या पत्रव्यवहारावर संकेतस्थळावर तपासून पाहता येणारा ओळख क्रमांक असतो. दुसऱ्या प्रकारात प्रेमाची जागा हळूहळू गुंतवणूक घेते. सांगितलेल्या ॲपवर नफा वाढताना दिसतो, पहिली लहान रक्कम परतही मिळते आणि मोठी रक्कम गुंतवल्यावर दारे बंद होतात. व्यापारी कुटुंबातील माणसाला हा दुसरा सापळा अधिक धोक्याचा आहे. कारण त्यात मोह प्रेमाचा असला तरी भाषा त्याच्या ओळखीची, नफ्याची असते.

ही माणसे भोळी असतात असे मानणे अन्यायाचे आहे. तालुक्याच्या गावी दुकान सांभाळणाऱ्या मुलाला ‘दुकानदार नको, नोकरीवाला हवा’ असे उत्तर वर्षानुवर्षे ऐकावे लागते. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेला तो तरुण वधू-वर परिचय मेळाव्यातून पुन्हा रिकाम्या हाताने परततो. घटस्फोटित मुलगी नातेवाइकांच्या नजरा चुकवीत राहते. विधुर काकांनी दुसऱ्या विवाहाचा विषय काढला, तर घरातच हसू होते. ज्यांचे मन विचारणारे घरात कोणी नाही, त्यांना ‘जेवलात का?’ असे रोज विचारणारा अनोळखी आवाज आपला वाटू लागतो. भामट्याचे खरे भांडवल हेच असते.

चौकशीची जुनी रीत

सोयरीक जुळवताना पूर्वी मध्यस्थ असे, गावात चौकशी होई, मामा-आत्याकडून घराण्याची माहिती मिळे. त्या रीतीत दोष होते, जाचही होता. परंतु सांगणारा माणूस समोर उभा असे आणि त्याची स्वतःची अब्रू पणाला लागलेली असे. ऑनलाइन परिचयात ती जामीनकी नाही, म्हणून ती आपणच उभी करावी लागते. छायाचित्र गूगलवर शोधून ते दुसऱ्या कोणाच्या नावाने आहे का, हे पाहता येते. सांगितलेल्या कंपनीत वा रुग्णालयात, तेथील अधिकृत क्रमांक स्वतः शोधून विचारता येते. व्हिडिओ कॉलमध्येही आता तंत्राने चेहरा बदलता येत असल्याने केवळ त्यावर विसंबता येत नाही. घरच्या माणसांसह प्रत्यक्ष भेट हीच खरी कसोटी. आणि जो प्रत्येक भेट काही ना काही कारणाने टाळतो व भेटीपूर्वी पैसे मागतो, त्याच्याविषयी आणखी पुरावा शोधण्याचे कारण नाही.

केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. वापरकर्त्यांची ओळख पटवून घ्यावी, संकेतस्थळ केवळ विवाहासाठी असल्याचे स्पष्ट सांगावे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क प्रसिद्ध करावा, असे त्यांत म्हटले आहे. नाव नोंदवण्यापूर्वी या गोष्टी तेथे आहेत का, एवढे तरी पाहावे. दुसऱ्याचे रूप घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

घरातील पहिला प्रश्न

पैसे गेल्यावर सर्वांत मोलाचे असतात ते पहिले काही तास. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी ती गोठवली जाण्याची शक्यता असते. बँकेलाही त्याच वेळी कळवावे. संदेश, खाते क्रमांक, व्यवहाराच्या पावत्या यांपैकी काहीही पुसून टाकू नये. लाजेपोटी संभाषण पुसले, की पुरावाच जातो.

परंतु हे सारे घडण्यासाठी फसलेल्या माणसाने घरात तोंड उघडावे लागते. ‘तुझी अक्कल कोठे गेली होती?’ हा प्रश्न ज्या घरात पहिला विचारला जाईल अशी भीती असते, तेथे मुलगी दागिने मोडून पैसे भरते, मुलगा गल्ल्यातील रक्कम फिरवतो आणि पेढीच्या वहीत खाडाखोड दिसेपर्यंत कोणाला काही कळत नाही. एका चुकीतून दुसरी चूक जन्मते. याउलट ‘पैसे केव्हा गेले आणि कोणत्या खात्यात?’ असे ज्या घरात शांतपणे विचारले जाते, तेथे रक्कम वाचण्याची आशा असते आणि माणूस तर वाचतोच. व्यापारात बुडीत रकमेची नोंद करून पेढी दुसऱ्या दिवशी उघडली जाते. तीच क्षमा घरातील माणसाच्या वाट्याला यावयास हवी.

आणखी एक हिशेब प्रत्येक घराने स्वतःशीच करावयाचा आहे. मेळाव्यांच्या पुस्तिकांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बायोडेटांत उत्पन्नाचे आकडे वाढतात, वये कमी होतात, मोडलेला साखरपुडा गाळला जातो, आजार झाकला जातो. ‘एवढे तर सगळेच करतात’ असे त्याचे समर्थन होते. तो भामट्याइतका मोठा अपराध नसेल. तरीही ज्याच्या भरवशावर दुसऱ्याची लेक घर सोडून येणार, त्या कागदावरचा प्रत्येक खोटा आकडा प्रतिरूपकच आहे. मोबाईलवरील अनोळखी परिचयाची पारख करावयास बसण्यापूर्वी आपल्या घरून गेलेला बायोडेटा एकदा काढून, तो दुसऱ्याच्या घरातून आला आहे असे समजून, वाचून पाहावा.