विमानप्रवासाची बॅग : हलकी आणि टिकाऊ

आगगाडीच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाची ओळख एके काळीं त्याच्या सामानावरून होत असे. पत्र्याची ट्रंक, पट्ट्यांनीं आवळलेली वळकटी, फिरकीचा तांब्या आणि फराळाचा डबा एवढा सरंजाम हमालाच्या डोक्यावर चढला, म्हणजे निम्मा प्रवास झाला असें समजत. त्या सामानाच्या वजनाची फारशी फिकीर कोणी करीत नसे. कारण एंजिनाच्या तें खिजगणतींतहि नसे. विमानाची गोष्ट निराळी. १९३२ सालीं १५ ऑक्टोबर रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईला टपाल आणलें, तें एका लहानशा विमानांतून. विमानें पुढें कितीहि मोठीं झालीं, तरी किलोकिलोचा हिशेब कांहीं सुटला नाहीं.

देशांतर्गत प्रवासांत सर्वसाधारण वर्गाच्या प्रवाशाला बहुधा १५ किलो सामान विमानाच्या पोटांत ठेवतां येतें आणि ७ किलो स्वतःजवळ नेतां येतें. परदेशच्या प्रवासांत एका बॅगेस २३ किलोंची मर्यादा पुष्कळ ठिकाणीं असते. ३२ किलोंहून जड बॅग सहसा घेतलीच जात नाहीं, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचाहि विचार करावा लागतो. या मर्यादेंत बॅगेचें स्वतःचें वजन धरलेलें असतें, हें मात्र खरेदीच्या वेळीं अनेकांच्या लक्षांत राहत नाहीं. ४.५ किलोंची बॅग घेतली, तर १५ किलोंपैकीं कपडे व इतर जिनसा यांसाठीं १०.५ किलो उरतात. बॅग २.५ किलोंची असेल, तर १२.५ किलो उरतात. म्हणजे तेवढ्याच भाड्यांत जवळजवळ एकपंचमांश अधिक सामान जातें.

परंतु हलकेपणाच्या मोहांत टिकाऊपणाचा बळी देऊन चालत नाहीं. मुलीच्या बाळंतपणासाठीं परदेशीं निघालेली आई बॅगेंत डिंकाचे लाडू, मेतकूट आणि बाळाचीं झबलीं भरते, तेव्हां त्या बॅगेला पुढें काय सोसावें लागणार, हें तिला दिसत नाहीं. ती बॅग सरकत्या पट्ट्यांवरून जाते, वळणावर दुसऱ्या बॅगांवर आदळते, गाडीवर रचली जाते आणि विमानांत इतर बॅगांच्या भाराखालीं दबते. वाटेंत विमान बदललें, कीं हाच क्रम पुन्हां. आघात बसतो तो मुख्यतः कोपरे, चाकें आणि मूठ यांवर. कोपरा फुटला, तर परक्या विमानतळावर लाडू एकीकडे आणि झबलीं दुसरीकडे, असा प्रसंग यावयाचा. म्हणून वजन कोठें वांचविलें आहे, हें पाहणें अगत्याचें आहे. कवचासाठीं हलकें व चिवट द्रव्य वापरून तें वांचविलें असेल, तर त्यांत शहाणपण आहे; चाकें, मूठ आणि शिवण यांत काटकसर करून वांचविलें असेल, तर ती फसगत होय.

टणक कवचाच्या बॅगा मुख्यतः तीन प्रकारच्या प्लॅस्टिकच्या असतात. एबीएस हें स्वस्त व तकतकीत. पण जोराचा आघात बसला तर त्यास तडा जाण्याचा संभव अधिक. पॉलिकार्बोनेट चिवट असून दाबलें असतां आंत जातें आणि दाब निघतांच पूर्ववत् होतें. जर्मनींतील रिमोवा कंपनीनें २००० सालीं या द्रव्याची बॅग बाजारांत आणली. पॉलिप्रोपिलीन तर पाण्याहूनहि हलकें आहे. तें थोडें लवचिक असल्यामुळें त्यावर उभ्या वळ्या पाडून त्यास ताठपणा आणतात. टणक बॅगा नाशिकजवळ गोंदे येथेंहि तयार होतात. ॲल्युमिनिअमची बॅग मजबूत खरी, परंतु ती जड असते आणि तिला पडलेला पोचा तसाच राहतो. चिठ्ठीवर दोन द्रव्यांचें मिश्रण लिहिलें असल्यास केवळ एकाच नांवावर भाळूं नये.

कापडी बॅगेच्या बाबतींत ‘डेनिअर’ हा शब्द वारंवार आढळतो. ९,००० मीटर धाग्याचें ग्रॅममध्यें जें वजन भरतें, तो त्याचा डेनिअर. आंकडा मोठा असेल, तर धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. धागा कशाचा व वीण कशी, हेंहि पाहावें लागतें. समान जाडीच्या पॉलिएस्टरपेक्षां नायलॉन घर्षण अधिक सोसतें. कापडी बॅगेला बाहेरचे कप्पे असतात आणि ती थोडी फुगूंहि शकते; मात्र पावसांत भिजण्याचें भय तिला अधिक.

चेन हें बहुतेक बॅगांचें मर्मस्थान. साध्या चेनच्या दातांत पेनाचें टोंक खुपसून ती उघडतां येते आणि सरकपट्टी फिरवून पुन्हां मिटवितांहि येते. कुलूप जागच्या जागीं राहतें. म्हणून रुंद व दुहेरी दातांची चेन पत्करावी, आणि दागिने, औषधें, कागदपत्रें नेहमीं जवळच्या पिशवींत ठेवावींत. बॅगेंतच बॅटरी बसविलेली असल्यास ती काढतां येणारी असावी. २०१८ पासून अनेक विमानकंपन्यांनीं तशी अट घातली आहे.

बॅगेला चाकें लागलीं, ती सुधारणा फार जुनी नाहीं. अमेरिकेंत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ सालीं तिचें पेटंट मिळालें, आणि उभी धरून ओढण्याची दोन चाकांची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें १९८७ सालीं तयार केली. चार चाकांची बॅग गुळगुळीत फरशीवर बोटानें ढकलली तरी चालते. परंतु बाहेर आलेलीं चाकें लवकर मोडतात. खडबडीत रस्त्यावर आंत बसविलेलीं दोन मोठीं चाकें अधिक भरंवशाचीं. तीं स्क्रूनें बसविलेलीं असल्यास बदलतांहि येतात.

दुकानांत बॅग रिकामी ओढून कांहींच कळत नाहीं. तींत दहाएक किलो वजन घालून ती चालवावी, दांडा पूर्ण वर काढून डोलतो कां तें पाहावें, अस्तराची चेन उघडून मुठीचे व चाकांचे सांधे आंतून तपासावेत. लांबी, रुंदी व उंची मोजतांना चाकें व मूठ धरून माप घ्यावें. विमानकंपनी तसेंच मोजते.

एवढी काळजी घेऊनहि बॅग मोडली, तर प्रवासी अगदींच निराधार नसतो. १९९९ च्या माँट्रिअल करारांत भारत २००९ सालीं सामील झाला. त्या करारान्वयें आंतरराष्ट्रीय प्रवासांत मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांच्या आंत, आणि उशिराबद्दलची एकवीस दिवसांच्या आंत करावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वींच ती नोंदविणें सर्वांत उत्तम. मात्र सामानाच्या अंगच्याच दोषामुळें झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमानकंपनीवर येत नाहीं. तेव्हां खरेदीच्या वेळीं चाक आणि चेन तपासण्यांत गेलेलीं दहा मिनिटें वायां गेलीं, असें कोणा प्रवाशाला वाटण्याचें कारण नाहीं.