घोटा सारखा मुरगळतो? उलटी मोजणी करून बघा

पाय मुरगळला, सूज उतरली, की विषय संपला असं आपण धरून चालतो. काहींचा घोटा मात्र नंतरही पुन्हा पुन्हा दगा देतो. १९६५ मध्ये ब्रिटिश सर्जन मायकेल फ्रीमन यांनी त्याचं एक कारण मांडलं: लिगामेंटबरोबर त्यातल्या संवेदी नसांनाही इजा होते, आणि पाऊल कसं टेकलंय याची खबर मेंदूला नीट पोचत नाही.

ही उणीव मेंदू बहुधा जास्त लक्ष देऊन भरून काढतो. मग ते लक्षच दुसरीकडे वळवलं तर? हे तपासायला माणसाला दाब मोजणाऱ्या पाटावर एका पायावर उभं करतात आणि १०० मधून ७-७ वजा करायला सांगतात: ९३, ८६, ७९... काही प्रयोगांत शरीराचं डुलणं वाढलं, काहींत फारसा फरक दिसला नाही. मला हे दुसरे निकालही मोलाचे वाटतात, कारण कधी कधी तोल टिकतो पण गणित चुकतं. म्हणून दोन्हीकडे पाहावं लागतं.

कबड्डीतला चढाईपटू आठवा. तोंडाने जप, नजर बचावपटूंवर, पाय बोनस रेषेकडे. फक्त शांत खोलीत तोल सांभाळण्याचा सराव त्याला कसा पुरेल?

दुखणं थांबल्यावर, फिजिओथेरपिस्टला विचारून, भिंतीजवळ एका पायावर उभं राहा. जमलं की उलटे पाढे म्हणा. आधी नुसतं, मग पाढ्यांसह. सेकंद मोजा आणि चुकाही.