पंखा पाचवर!

"अगं, जरा पंखा पाचवर कर." उन्हाळ्यात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारं वाक्य. पण पाचवर गेलेल्या पंख्याच्या पात्याचं टोक किती वेगाने पळतं, हे कधी मोजलंय? दुकानात अठ्ठेचाळीस इंची म्हणून मिळणारा, म्हणजे 1200 मिलिमीटरचा पंखा मिनिटाला साधारण 380 फेऱ्या मारतो. एका फेरीत टोक पावणेचार मीटर कापतं. करा गुणाकार: ताशी 85 किलोमीटर! बोरघाट उतरणाऱ्या गाडीलाही एवढ्या वेगाची परवानगी नसते. आणि ही धाव चालते आपल्या डोक्यावर, रात्रभर, एका हुकाच्या भरवशावर.

म्हणून नवा पंखा घरी आला की खोका फोडण्याआधी वर बघायचं.

फ्लॅटमधला हूक नंतर ठोकलेला नसतो. स्लॅब भरताना सळयांच्या जाळीतच लोखंडी फॅन बॉक्स बसवतात, त्यात जाड सळईचा हूक अडकवतात आणि वरून काँक्रीट ओततात. पलंग कुठे आणि टेबल कुठे, हे आपण पुढे दोन-तीन वर्षांनी ठरवतो. पंख्याची जागा मात्र स्लॅब पडला त्या दिवशीच पक्की झालेली असते. कोकणातल्या कौलारू घरात गोष्ट वेगळी. तिथे पंखा तुळईला लटकतो. छप्पर उंच आणि उतरतं, त्यामुळे पाइप लांबलचक लागतो. दुकानात पाइप वेगवेगळ्या लांबीचे मिळतात ते याचसाठी. हूक गंजलेला, झिजलेला किंवा हलणारा दिसला, तर पंखा खोक्यातच राहू दे. आधी हूक.

आता खोका उघडा. आत एक उलटी मोटर आहे. हो, उलटीच! पाण्याचा पंप असो वा मिक्सर, बाहेरचं अंग स्थिर असतं आणि आतला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात मात्र मधला दांडा आणि त्यावरची तांब्याच्या तारांची गुंडाळी जागची हलत नाही, आणि बाहेरचा गोल डबाच गरगरतो. पाती त्या डब्यालाच जोडलेली. म्हणजे पाइप स्थिर, तारा स्थिर, आणि त्यांच्याभोवती सारं यंत्र प्रदक्षिणा घालतंय. मला ही रचना फार आवडते. तारांना पीळ पडू नये म्हणून वेगळी काही युक्ती करावीच लागत नाही.

पहिल्यांदा पंखा बसवणाऱ्यांची हमखास होणारी चूक माहितेय? पाइप मोटरला जोडला, तारा ओढून घेतल्या, सगळं घट्ट आवळलं, घोड्यावर चढून पंखा हुकात अडकवला, आणि खाली बघावं तर दोन्ही कप टेबलावर! वायरिंग झाकणारे ते वरचे-खालचे कप पाइपात आधी ओवायचे असतात. एकदा पंखा टांगला की त्यांना आत शिरायला वाटच उरत नाही. मग सगळं खाली, सगळं मोकळं, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरी हे दोनदा झालंय, दोन वेगवेगळ्या खोल्यांत.

पंख्याचा सगळ्यात स्वस्त भाग कोणता? स्प्लिट पिन. केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली लोखंडी तार. सगळ्यात महत्त्वाचा भागही माझ्या मते तोच. हुकात रबराची रील बसते, तिच्यातून बोल्ट जातो, बोल्टला नट लागतो. पंखा वर्षानुवर्षं थरथरतो आणि थरथरणारा नट हळूहळू सैल होतो. तो निसटून पडू नये म्हणून बोल्टच्या टोकाला भोक असतं. त्यात ही पिन घालून तिचे दोन्ही पाय बाहेर वाकवायचे. पाय न वाकवता नुसती घातलेली पिन म्हणजे कडी न लावता ओढून घेतलेलं दार. पाइपच्या खालच्या टोकालाही अशीच पिन असते. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नका, ती वाकवलेल्या जागी मोडते. आणि रबराची रील? हादरा आणि गुणगुण स्लॅबपर्यंत पोचू न देणं हे तिचं काम. ती कडक होऊन चिरली की रात्री पंखा कुरकुरायला लागतो.

उंचीसाठी तर भारतीय मानकांत चक्क सूत्र आहे. खोलीची उंची तिप्पट करा, त्यात आपण जिथे बसून काम करतो ती उंची मिळवा, चाराने भागा. दहा फुटी खोली, अडीच फुटी टेबल: साडेबत्तीस भागिले चार, म्हणजे पाती जमिनीपासून आठ फुटांवर. छतापासूनही निदान एक फूट मोकळा हवा, नाहीतर वरून हवा खेचायला पंख्याला जागाच मिळत नाही. छताला चिकटवलेला पंखा जोरात फिरतो पण वारा देत नाही, तो यामुळे. नऊ फुटी फ्लॅटमध्ये हेच सूत्र साडेसात फुटांच्या आत येतं, आणि तिथे माझं एकच कळकळीचं सांगणं: त्या पंख्याखाली बाळाला हवेत उडवून झेलू नका, खांद्यावर बसवूनही नाचवू नका.

दुसरं सूत्र वाऱ्याचं. खोलीची लांब बाजू मीटरमध्ये घ्या, 55 ने गुणा. दर मिनिटाला तितके घनमीटर हवा फेकणारा पंखा घ्या. दहा बाय बाराच्या खोलीला हे उत्तर 200 च्या आसपास येतं, आणि अठ्ठेचाळीस इंची पंखा साधारण 210 किंवा त्याहून जास्त घनमीटर हवा ढकलतो. त्या खोलीत मुळात हवा असते 34 घनमीटर. म्हणजे मिनिटाला सहा वेळा खोलीभर हवा!

गंमत अशी की एवढं करूनही पंखा खोली एका अंशानेही थंड करत नाही. तो आपला घाम सुकवतो, थंडावा त्यातून येतो. मोटर तापते म्हणून खोली कणभर गरमच होते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणं म्हणजे भिंतींना वारा घालणं.

तारा जोडायच्या आधी एमसीबी खाली पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. टेस्टर लावून खात्री करा. आणि वायरिंगची समजच नसेल, तर हे काम सरळ इलेक्ट्रिशियनचं. कपात दडलेल्या कपॅसिटरवर बहुतेक वेळा 2.5 मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं. एका फेजच्या विजेवर मोटरला सुरुवातीचा धक्का तोच देतो. पंखा नुसता गुणगुणतोय, काठीने ढकलल्यावर फिरतोय? मोटर जळाली असं समजू नका, आधी कपॅसिटर बदलून बघा. मुंबईच्या लोकलमध्ये अडलेल्या पंख्याला खिशातल्या कंगव्याने ढोसून चालू करणारे प्रवासी तुम्ही पाहिले असतील. तोही धक्काच, फक्त हाताने दिलेला. आणि जुन्या रेल्वेडब्यांतले पंखे 110 व्होल्टच्या डीसी विजेवर चालायचे. कोणी काढून घरी नेला असता तरी 230 व्होल्ट एसीवर त्याचा उपयोग शून्य.

नवा पंखा फिरतो पण वारा येत नाही? खालून बघा. आपले पंखे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. कपॅसिटरच्या तारा अदलाबदल झाल्या की पंखा उलटा फिरतो आणि हवा वर ढकलतो. अमेरिकेत यासाठी मुद्दाम बटण देतात: हिवाळ्यात छताशी साचलेली ऊब खाली उतरावी म्हणून.

अमेरिकेवरून आठवलं. छताचा विजेचा पंखा 1880 च्या दशकात फिलिप डील यांनी तिथेच बनवला. ते सिंगर कंपनीत शिलाई मशीनच्या मोटरवर काम करत, तीच मोटर त्यांनी छताला टांगली! त्याआधी आपल्याकडच्या कचेऱ्यांत छताला कापडी झालर लटकायची आणि व्हरांड्यात बसलेला माणूस भिंतीतल्या भोकातून आलेली दोरी दिवसभर ओढत राहायचा. त्या झालरीला इंग्रजांनी आपलाच शब्द लावला, 'पंखा'.

आता तो माणूस गेला, वीजबिल आलं. साधा पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले 300 दिवस धरा, एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात. जुन्या घरातला तो जाडजूड रेग्युलेटर आठवतोय? हात लावला की गरम लागायचा. पंखा दोनवर आणला तरी उरलेली बरीचशी वीज त्या ठोकळ्यात उष्णता होऊन जायची.

पाती शेवटी लावायची. तिन्ही एकाच खोक्यातली हवीत, कारण ती वजनाने जुळवलेली असतात. पंखा डुलत असेल तर बंद करा, छतापासून एका पात्याच्या टोकापर्यंत टेप धरा, मग पंखा हाताने फिरवून बाकीची दोन पाती त्याच जागी आणून मोजा. जे पातं वेगळं माप दाखवेल, त्याचा हात वाकलाय.

आता एमसीबी वर. आधी एकवर, मग तीनवर, मग पाचवर. घरातले सगळे माना वर करून उभे राहतील. दहा मिनिटं फिरू द्या, मग बंद करून पुन्हा एकदा घोड्यावर चढा आणि त्या पिनेचे पाय बघून या.