शिडाच्या होडीचा मिटणारा पंखा

जुन्नरच्या मनुष्यानें समुद्राच्या गोष्टी सांगाव्या, हें पुष्कळांस विचित्र वाटेल. आमच्या गांवाजवळून वाहते ती कुकडी, आंबेगांवकरांची ती घोड. आणि दोघींचेंही पाणी पूर्वेकडे जातें, कोंकणाकडे नव्हे. तथापि नाणेघाट हा आमचाच. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटानें वर येई, आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांनीं दिलेल्या दानांचे शिलालेख आजही पाहावयास मिळतात. ज्यांनीं मराठ्यांचें आरमार उभारलें त्यांचा जन्म १६३० सालीं शिवनेरीवर झाला, हें तर सांगावयासच नको. तेव्हां समुद्राशीं आमचें नातें अगदींच दूरचें नाहीं.

हा विषय सुचण्यास कारण झालें तें असें. आमच्या शेजारच्या एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील धाकटे बंधु मुंबईस नोकरीस आहेत. त्यांनीं चार मित्रांबरोबर एक शिडाची होडी घेतली असून ती मुंबई बंदरांत नांगरलेली असते. दिवाळीनंतर घरचीं मंडळी मुंबईस गेलीं असतां दोघी वहिनी व तीन मुलें यांस त्यांनीं मांडव्याच्या बाजूस फिरावयास नेलें. परत येतांना वारा पडला. ओहोटीची ओढ लागली, आणि जहाजांच्या वाटेनें एक मालवाहू जहाज येतांना दिसूं लागलें. धाकट्यांनीं यंत्र सुरू केलें. पण होडी पुढें जाईना, उलट सबंध होडी हिंवताप भरल्यासारखी थरथरूं लागली. मुलांस प्रथम गंमत वाटली. वहिनींनीं मात्र त्यांचे हात घट्ट धरले. सुदैवानें जवळून एक मच्छीमार होडी चालली होती. तींतील तांडेलानें दोर टाकून त्यांस ओढून बाजूस नेलें व पैसे देऊं केले असतां घेतले नाहींत. दुसऱ्या दिवशीं पाणबुड्यानें खालीं जाऊन पाहिलें, तों पंख्याचीं दोन्ही पातीं अर्धवट उघडून अडकलेलीं, आणि त्यांच्या सांध्यांत पांढऱ्या शिंपल्यांचा थर बसलेला!

शिडाच्या होडीस यंत्र हवें कशाला, असें कोणी विचारील. बंदरांत शिरतांना किंवा असा वारा पडला असतां त्याचें काम पडतें. परंतु एरवीं शिडावर चालतांना साधा पंखा पाण्यांत आडवा राहून होडीस मागें ओढतो. यावर तोड म्हणून मिटणारा पंखा निघाला. यंत्र थांबलें कीं पाण्याच्या प्रवाहानें त्याचीं पातीं कमळाच्या कळीप्रमाणें मागें मिटतात. दांडा फिरूं लागला कीं गरगरण्याच्या वेगानें तीं बाहेर फेंकलीं जाऊन उमलतात. दोन्ही पातीं एकदम व सारखीं उघडावीं म्हणून त्यांच्या मुळाशीं दांते एकमेकांत बसविलेले असतात. सारी मेख या दांत्यांत आहे. होडीच्या तळाला शिंपले चिकटले तर ती मंद चालेल, इतकेंच. पण या सांध्यांत वाटाण्याएवढा खडा जमला तरी पंखा असून नसल्यासारखा होतो.

हा खडा जमविणारा प्राणी म्हणजे बार्नेकल. कोंकणांत खडकांवरून अनवाणी चालतांना तळपाय कापणारे ते लहान पांढरे शंकू पुष्कळांनीं पाहिले असतील. दिसावयास तो शिंपला. जातीनें मात्र कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद. बाल्यावस्थेंत तो पाण्यांत मोकळा पोहतो. मग एखादी टणक जागा पसंत करून तेथें डोक्याच्या बाजूनें स्वतःस चिकटवून घेतो, भोंवतीं चुन्याचा किल्ला बांधतो, आणि उरलेला सारा जन्म त्याच जागीं पायांनीं भक्ष्य आंत ओढीत काढतो. चार्लस डार्विन यांनीं या एका प्राणिवर्गावर १८४६ पासून १८५४ पर्यंत आठ वर्षें घालविलीं. असा हा पाहुणा चालत्या पंख्यावर सहसा बसत नाहीं. उभ्या होडीचा पंखा मात्र त्यास आयतें घर वाटतें.

आतां आमच्या धाकट्यांची चूक पाहूं. त्यांनीं तळास उत्तम रंग दिला होता. पंखा मात्र उघडाच ठेविला. पंखा कांशाचा, त्यांत तांबें, आणि तांब्यावर कांहीं वाढत नाहीं, असा त्यांचा हिशेब. हिशेब ऐकावयास बरोबर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडी जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे मारीत, ते याच गुणासाठीं. परंतु खाऱ्या पाण्यांत तांबें झिजतें, म्हणून इंग्रजी आरमारखात्यानें हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाकडे उपाय मागितला. १८२४ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, तांब्यास लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला कीं तो तुकडा झिजतो आणि तांबें शाबूत राहतें. शास्त्र अगदीं खरें ठरलें. मात्र शाबूत राहिलेल्या त्या तांब्यावर शिंपले व शेवाळ खुशाल वाढूं लागलीं! कारण तांबें झिजून पाण्यांत उतरतें तेंच त्या जीवांस विष; झीज थांबली कीं विषही थांबलें. कांहीं वर्षांतच तो उपाय जहाजांवरून सोडून द्यावा लागला.

आमच्या धाकट्यांनीं पंख्याच्या टोकास जस्ताचा नवाकोरा तुकडा लाविला होता. पंखा वांचला, आणि वांचला म्हणूनच त्यावर वसाहत झाली. जस्त काढून टाकावें असें मात्र कोणीं समजूं नये. तें नसेल तर दांड्याच्या पोलादाजवळचें कांसें खाऱ्या पाण्यांत पोखरून निघतें.

मग जालीम विषाचा रंग द्यावा काय? असाही एक काळ होऊन गेला. कथिलाच्या एका संयुगाचा रंग साऱ्या जगांत चालला होता व त्यावर जीव म्हणून बसत नसे. परंतु १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या आर्काशों उपसागरांतील कालवांचीं कवचें विद्रूप होऊं लागलीं, नवीं पिल्लें जगेनात, आणि दोष या रंगाचा ठरला. २००१ सालीं आंतरराष्ट्रीय करार होऊन २००८ पासून तो रंग जहाजांस वर्ज्य झाला. कोंकणांतही खाडीच्या खडकांवरून कालवें काढून पोट भरणाऱ्या बायका आहेत. चार हौशी माणसांच्या पंख्यासाठीं त्यांच्या टोपल्यांत विष जावें, हें आम्हांस तरी रुचत नाहीं.

हल्लीं पंख्यास सिलिकोनचा लेप देतात. तो कोणास मारीत नाहीं. इतका गुळगुळीत असतो कीं जीव बसला तरी घट्ट धरूं शकत नाहीं आणि पंखा फिरला कीं निघून जातो. पण त्यासाठीं पंखा फिरला पाहिजे! महिनाभर उभ्या राहिलेल्या होडीस हा लेप एकटा पुरा पडत नाहीं. शिवाय दांत्यांत लेप द्यावयाचा नसतो. तेथें पाण्यानें न धुपणारें ग्रीस भरावें लागतें. जस्तावर तर लेप किंवा रंग चुकूनही चढवूं नये, कारण झांकलेलें जस्त कांहींच काम करीत नाहीं. आमचे धाकटे आतां दर पंधरवड्यास होडीवर जाऊन यंत्र चालवितात, आणि पाणी निवळ असेल त्या दिवशीं बुडी मारून सांधा हातानें उघडून पाहतात. पाहावयास गेलें तर सर्वांत खात्रीचा उपाय हाच, आणि आळसानें प्रथम बुडतो तोही हाच.

आमच्या डिंभ्याच्या जलाशयांत, जेथें जुनें आंबेगांव पाण्याखालीं गेलें, तेथें आदिवासी बांधवांच्या होड्या बारमास पाण्यांत असतात. त्यांस या शत्रूचें नांवही ठाऊक नाहीं. गोड्या पाण्यांत समुद्रांतील बार्नेकल जगत नाहीं. पूर्वींचे खलाशी जहाज नदीच्या मुखांतून वर आणून कांहीं दिवस ठेवीत, तें यासाठींच.

पावसाळ्यांत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवितात, तेव्हां पंखा सोडवून जुन्नरास येतो. गेल्या ज्येष्ठांत तो प्रथम आला, तेव्हां शिंपले खरवडले तरी त्यांच्या पांढऱ्या चकत्या कांशास घट्ट चिकटून राहिल्या होत्या. थोरल्या काकूंनीं तो न्याहाळला व चिंचेचा कोळ मागविला. चकत्या चुन्याच्या, आणि चुन्यास आंबट पदार्थ विरघळवितो. शास्त्र तेंच, हात मात्र देवांचीं उपकरणीं घांसण्याचे. तासाभरांत पातीं झळकूं लागलीं. काकूंनीं मग जस्ताच्या तुकड्यासही कोळ लावावयास घेतला, तेव्हां धाकट्यांनीं घाईघाईनें तो त्यांच्या हातून काढून घेतला. आंबटानें जस्त विरतें. “मग हा काळाच राहावयाचा काय?” असें काकूंनीं विचारलें, आणि तो तसाच ठेवावा लागला.