मध्यरात्री मोजलेलं गाव

सकाळी सात-सव्वासातची वेळ. वैरागच्या स्टँडवर बार्शीची एसटी नीट थांबायच्या आतच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, दप्तरं आत पडतात. रुमाल पडला की जागा धरली, त्यावर सहसा कुणी भांडत नाही. भाजीचं गाठोडं पायाशी सारत एक आजी म्हणते, "बाई, सरक की जराशी." कॉलेजची पोरगी दप्तर मांडीवर ओढते, "बसा की आज्जी."

बार्शी तालुक्यातलं हे गाव बार्शी-सोलापूर रस्त्यावर आहे. बार्शी वीस-बावीस किलोमीटर, सोलापूर त्याच्या दुपटीहून लांब. रोज जाऊन-येऊन जगणाऱ्यांसाठी इकडे एकच शब्द आहे: अपडाऊन. "नोकरी सोलापुरात, मग राहायला तिकडंच का?" "नाही ओ, अपडाऊन."

उलट दिशेची गर्दीही असतेच. शिक्षक, बँकेतले, दवाखान्यातले लोक सकाळी वैरागला उतरतात, काही पुढं खेड्यांवर जातात. ग्रामीण भागातल्या शिक्षकानं, ग्रामसेवकानं, आरोग्य कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं हा जुना नियम. 9 सप्टेंबर 2019च्या शासन निर्णयानं त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला. तरी मुलांची शाळा शहरात, नोकरी खेड्यात, हे गणित ठरावानं सुटत नाही. ते एसटीच्या वेळापत्रकावर सुटतं.

एसटीवरच का, याचं उत्तर जुनं आहे. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून धावू लागली, पण ती बार्शीहून कुर्डुवाडीकडे. पुढं ती लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत वाढली. वैरागच्या वाटेला मात्र रस्ताच आला.

या रस्त्याच्या पूर्वेला 1948पर्यंत निजामाची हद्द होती. हैदराबाद संस्थान विलीन होऊन इतकी वर्षं झाली, तरी जुनी माणसं धाराशिवकडच्या गावांना अजून 'मोगलाई' म्हणतात. रस्त्याचं दुसरं टोक सोलापूर. 2011च्या जनगणनेत 9 लाख 51 हजारांचं हे शहर. गिरण्या आणि मागांच्या ओढीनं तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू, लिंगायतांची कन्नड, मुसलमान मोहल्ल्यांची उर्दू आणि मराठी, अशा चार भाषा तिथल्या एका चौकात ऐकू येतात. वैरागचा माणूस दिवसभर त्यांत वावरतो आणि संध्याकाळी दोन-चार शब्द खिशात घालून घरी येतो.

2021मध्ये वैरागची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. त्याच वर्षी डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. 74व्या घटनादुरुस्तीत नगरपंचायतीची ओळख आहे ती ग्रामीण भागातून नागरी भागाकडं निघालेल्या क्षेत्राची. वैरागला हे शब्दशः लागू पडतं. गाव निघालंय, अजून पोचायचंय.

मग या गावाची माणसं मोजायची कधी? 2011च्या जनगणनेचा संदर्भक्षण होता 1 मार्चची मध्यरात्र, पुढच्या जनगणनेचा 1 मार्च 2027ची. मध्यरात्री सगळे आपापल्या घरी असतात. 2011मध्ये कामाचं ठिकाण किती लांब, कशानं जाता, हेही विचारलं होतं. पण शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले सोडून इतर कामगारांना. भाजीचं गाठोडं घेऊन बार्शीला जाणारी आजी स्वतःच्या रानातली असेल, तर तिचा प्रवास त्या रकान्यात बसतच नाही.

तो बसतो कंडक्टरच्या यंत्रात. 26 ऑगस्ट 2022पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. त्यांनाही तिकीट फाडलं जातं, शून्य रुपयाचं. 17 मार्च 2023पासून बायकांना निम्मं भाडं. विद्यार्थ्यांना सवलतीचे पास, शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट. कोण म्हातारं, कोण बाई, कोण शिकणारं, कोण पूर्ण पैसे भरून कामाला निघालेलं, हे त्या एका फेरीत उमटतं.

संध्याकाळी तीच एसटी परत येते. गाठोडं रिकामं, चौकोनी घडी घालून काखेत. आजी शून्याचं तिकीट कनवटीला खोचते आणि स्टँडवर उतरते. रात्री कुणी मोजायला आलं, तर ती घरीच असेल.