अवजार बदलावे, विचारण्याची सोय काढू नये

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक ठिकाणाला आकडी पत्ता असतो. माणसे मात्र नावे लक्षात ठेवतात. नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. आता महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार आपला प्रॉव्हिडंट फंड पाहू गेला आणि पान उघडले नाही, तर दोष कोठे शोधावा? पोलादपूरला निघालेल्या माणसास घराचा पत्ता ठाऊक नसणे निराळे आणि वाटेतला पूल बंद असणे निराळे. हा भेद एनएसलुकअप, डिग, होस्ट ही लहान अवजारे दाखवितात. नाव लिहावे, आकडा परत आला, तर दोष पुढच्या वाटेवर आहे असे समजावे.

ही अवजारे बाइंड नावाच्या मोठ्या संचातून येत. बाइंडचा जन्म बर्कली विद्यापीठातला, आणि फ्रीबीएसडी ही संगणकप्रणालीही त्याच घराण्यातली. तरीही जानेवारी २०१४ मध्ये निघालेल्या तिच्या दहाव्या आवृत्तीच्या मूळ संचातून बाइंड काढण्यात आले. त्यात सुरक्षेची छिद्रे वारंवार सापडत. पुष्कळांना त्यातला मोठा भाग कधी लागत नसे. डागडुजीचा भार मात्र सर्वांवर पडे. त्याच्या जागी नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्जचे अनबाउंड आले, डिगऐवजी ड्रिल आले, होस्टही नव्या बांधणीचे मिळाले. जुनी अवजारे वेगळी मागवून बसविण्याची मुभा राहिली.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. यंत्र बदलले म्हणून आम्ही रडत बसत नाही. जुन्या हातांना पर्याय दिला की नाही, एवढे विचारतो. येथे तो दिला गेला. मात्र ज्याच्या जुन्या आज्ञावलीत डिगचे नाव लिहिलेले असेल, त्याला ती दुरुस्त करण्याची मजुरी पदरची घालावी लागते. तिचाही हिशेब धरावा.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. जुने अवजार जाळ्यावरून मागवायचे, तर त्यासाठीही नावाचा पत्ता सापडावा लागतो. पत्ताच सापडत नसेल त्या दिवशी ते येणार कसे? सावित्रीला पूर आल्यावर होडी बांधायला घेऊन चालत नाही, हे जुलै २०२१ मध्ये महाडकरांनी पाहिले आहे. म्हणून मूळ संचात काय ठेवावे, हे ठरविताना अडचणीच्या दिवशी ती वस्तू बाहेरून आणता येईल काय, असे आधी विचारावे. ड्रिल घरातच ठेवले, यात त्या मंडळींचे शहाणपण दिसते.