ताप नाही, पण रोग आहे

२०२० सालच्या उन्हाळ्यात कारखाने पुन्हा सुरू झाले, तेव्हा फाटकावर पहारेकरी पिस्तुलासारखे एक यंत्र कामगाराच्या कपाळाशी धरी. आकडा ठीक दिसला की आत, चढला की माघारी. त्या यंत्रावर मालक खूष होते आणि आम्ही संघटनेची माणसेही खूष होतो, हे कबूल केले पाहिजे. अंगात ताप नाही म्हणजे रोग नाही, ही आपली वाडवडिलांपासूनची समजूत. करोनाच्या विषाणूने ती खोटी पाडली.

आम्ही वैद्यकी शिकलेलो नाही. जे समजले ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. इटलीत पादुआ शहराजवळ व्हो नावाचे सुमारे सव्वातीन हजार वस्तीचे गाव आहे. २१ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीत या रोगाने पहिला माणूस गेला, तो या गावचा. सरकारने गावाच्या वेशी बंद केल्या, आणि पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी आजारी-धडधाकट असा भेद न करता बहुतेक सगळे गाव तपासले. २,८१२ जणांत ७३ बाधित निघाले. काही दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा २,३४३ जणांत २९. या बाधितांपैकी शंभरांत चाळिसांहून अधिक लोकांना ना ताप होता, ना खोकला. आणि त्यांच्या नाकाघशातील विषाणूचे प्रमाण आजाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते!

हे कसे घडते? विषाणू नाकाघशाच्या पेशींत शिरून आपल्या प्रती काढत बसतो. ताप येतो तो मुख्यतः आपल्या शरीराने त्याच्याशी मांडलेल्या झगड्यामुळे. तो झगडा कोणाच्या अंगात उशिरा पेटतो, कोणाच्या अंगात इतका हलका होतो की त्याचा त्यालाच पत्ता नसतो. प्रती मात्र निघतच असतात, आणि बोलताना सूक्ष्म तुषारांवाटे बाहेर पडतात. यंत्रांच्या गोंगाटात कामगाराला ओरडूनच बोलावे लागते. कोंदट खात्यात ते तुषार बराच वेळ तरंगत राहतात.

येथे दोन माणसांत फरक केला पाहिजे. एकाला शेवटपर्यंत काहीच होत नाही. दुसरा आज ठणठणीत असतो आणि परवा अंथरूण धरतो. पहिल्याकडून रोग पसरतो, पण रोग्याच्या मानाने कमी, असे पुढील संशोधनात दिसले. दुसरा मात्र अंथरूण धरण्याआधीच्या एकदोन दिवसांत भरपूर पसरवतो. २००३ च्या सार्स रोगात माणूस आजारी पडून काही दिवस गेल्यावर संसर्गाचा जोर वाढे, म्हणून तापकऱ्यांना वेगळे ठेवून ती साथ आवरता आली. या खेपेस ती युक्ती अपुरी पडली.

आपल्या मुंबईतच पाहा. जुलै २०२० मध्ये तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्टीत शंभरांत ५७ जणांना आणि इतर वस्तीत १६ जणांना विषाणू शिवून गेल्याची खूण मिळाली. त्यांतील बहुतेकांची रोगी म्हणून कोठेही नोंद नव्हती.

आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडच्या एका मदतनिसाची चाचणी बाधित आली. अंगात काही नाही, कामाची तयारी पुरी. त्याला चौदा दिवस घरी बसवले आणि मस्टरवर चौदा खाडे मांडले. "भाऊ, मला झालंय तरी काय?" असे तो आम्हांला विचारी, आणि त्याच्या बायकोला चाळीतल्या नळावर कोणी उभे राहू देईना. पुढच्या तपासणीला त्याच्या शेजारच्या यंत्रावरचे दोघे आलेच नाहीत. त्यांना भित्रे म्हणणारे कमी नव्हते, पण खाडा कोणाला परवडतो?

आम्ही दोन मागण्या घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो: खात्याच्या खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या उघडाव्यात, आणि घरी बसवलेल्याला पुरा पगार द्यावा. खिडक्या त्याच आठवड्यात उघडल्या. पगार सात दिवसांचा मिळाला, तोही दिवाळीनंतर.